बाई, गोळे नका करू

परवा बंगलोरहून भाच्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "मावशी, तुझा तो रविवारचा वर्ग अजून चालू आहे का गं?" म्हटलं, आहे की. तर म्हणतो, "पण आता मुलांना निबंध लिहायला शिकवायचं कशाला? मोबाईलला विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात निबंध तयार. आणि शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही!"

मला फोनवर काही उत्तर सुचलं नाही. (मला फोनवर कधीच सुचत नाही. फोन ठेवला की मग मात्र तासाभराचं व्याख्यान सुचतं.) म्हणून ते व्याख्यान आज इथे लिहिते आहे. भाचेराव, शेवटपर्यंत वाचा, मध्येच उडी मारू नका!

नेहमीच्या मंडळींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. मी मूळची चिमूरची. २६ वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आईवडिलांच्या घरी परत राहायला आले. २०२२ पासून दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर मुलं जमतात. सुरुवातीला चार होती, आता अकरा आहेत. सहावी ते नववीची. आम्ही लिहितो, वाचतो, मुरमुरे-फुटाणे खातो. फी नाही, परीक्षा नाही, हजेरीसुद्धा नाही.

हा वर्ग मी काही समाजसेवा म्हणून काढला नाही. तो एका माणसामुळे निघाला. आणि खरं सांगायचं तर माझ्या एका चुकीमुळे.

निवृत्तीनंतर इथे आले त्या दिवसांत एकदा आठवडी बाजारात भाजी घेत होते. मागून हाक आली, "बाई, ओळखलं का?" मी नाही ओळखलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, डोक्याला दुपट्टा, सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी. त्यानं नाव सांगितलं तेव्हा आठवलं. माझ्या आठवीच्या वर्गात होता, १९९८ च्या सुमारास. मी नेहमीचं विचारलं, काय करतोस, शेती किती, घरी कोण. मग तो हसत हसत म्हणाला, "बाई, तुमी माह्या निबंधात सत्तावीस गोरे केले होते. मी मोजले होते."

गोरे म्हणजे गोळे. लाल पेनानं चुकीभोवती काढलेले. आमच्याकडच्या झाडीबोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो. डोळ्याचा डोरा होतो, उन्हाळ्याचा उन्हारा होतो. (आणि माझी खोड बघा. तो एवढं बोलत होता आणि मी मनातल्या मनात 'गोरे'चं 'गोळे' करून टाकलं होतं.)

निबंधाचा विषय होता 'माझा आवडता ऋतू'. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी पावसाळा लिहिला होता, कारण गाईडात पावसाळा होता. यानं उन्हाळा लिहिला. मोहफुलं, तेंदूपत्ता, रात्री अंगणात झोपणं आणि तेंदूपत्त्याच्या पैशात मिळालेला नवा शर्ट. हे सगळं त्यानं मला बाजारात सांगितलं. मला निबंधातलं एक अक्षर आठवत नव्हतं. कसं आठवणार? मी तो वाचलाच नव्हता, फक्त तपासला होता. सत्तावीस गोळे, खाली 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' असा शेरा आणि दहापैकी तीन गुण.

"त्याच्यानंतर मी मनचं काई लिवलंच नाई बाई," तो म्हणाला. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. पाऊस आला नाही असं सांगावं तसं सांगितलं. पुढे गाईडातला पावसाळा पाठ करून तो दहावी पास झाला. आता अर्ज करायचा असला की कोणाकडून तरी लिहून घेतो.

निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हिले लिवाले शिकवा. पन गोरे नोका करू."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. २६ वर्षं, दर वर्षी दोन-तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीत चाळीस-पन्नास मुलं. किती गोळे केले असतील मी? हा एक मोजणारा निघाला. बाकीच्यांनी मोजलेही नसतील, नुसतं लिहिणं सोडून दिलं असेल.

* * *

शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य मी हजारदा ऐकलं आहे आणि शंभरदा म्हटलं आहे: "या मुलांना लिहिता येत नाही हो, मुळात भाषाच नाही." आता मला या वाक्याची लाज वाटते.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांना सांगते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. इथे दिवाळीतली भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि नाटकं सुरू होतात ती होळीच्या आगेमागेपर्यंत चालतात. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथून नाटक ठरवायचं. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाट होईतो खेळ चालतो. थंडीत, शालीत गुरफटून, हजारो माणसं तिकीट काढून नाटक बघतात. पुण्यामुंबईकडे नाट्यगृहं ओस पडल्याची चर्चा चालते तेव्हा मला गंमत वाटते. परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचं नाव कळलं, पण आमच्या मुलांना ते बाळगुटीबरोबर मिळालेलं असतं. ज्या मुलाला 'पाच ओळी लिही' म्हटलं की घाम फुटतो तोच मुलगा व्हिलनचा अख्खा प्रवेश आवाजातल्या चढउतारांसकट म्हणून दाखवतो. त्याला भाषा नाही म्हणता? त्याच्याकडे गोष्ट आहे, शब्द आहेत, कुठे थांबायचं तेही कळतं. फक्त ते सगळं वहीच्या बाहेर राहतं. वहीत शिरताना चपला काढून ठेवाव्यात तशी ही मुलं आपली बोली काढून ठेवतात, आणि मग अनवाणी उभी राहतात.

बोलीचं तर विचारूच नका. ण, ळ, छ, श, ष हे उच्चार झाडीबोलीत नाहीत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी उभं आयुष्य खर्चून या बोलीचा अभ्यास केला, शब्दकोश केला, तिची साहित्य संमेलनं भरू लागली, तिच्यात कविता-कथांची पुस्तकं निघाली. म्हणजे एकीकडे बोलीचं संमेलन होतं, हारतुरे होतात, आणि दुसरीकडे सहावीतल्या मुलीनं 'पानी' लिहिलं की आम्ही गोळा करतो. ती बिचारी जे ऐकते तेच लिहिते. तिच्या आईनं जन्मात 'पाणी' म्हटलेलं नाही. आपण शब्दाभोवती गोळा करतो, पण तो तिच्या आईभोवती पडतो.

* * *

पहिल्या रविवारी काय झालं ते सांगते, म्हणजे मी काही फार हुशार बाई आहे असा कोणाचा गैरसमज होणार नाही.

मी मोठ्या उत्साहानं कोऱ्या वह्या वाटल्या आणि म्हटलं, "मनात येईल ते लिहा. कशावरही लिहा." चार मुलं माझ्याकडे बघत राहिली. एकानं बुटाची नाडी सोडली, बांधली, परत सोडली. बाजारात भेटलेल्याची ती मुलगी, तिनं वरती 'निबंध' असं लिहिलं, त्याच्याखाली पट्टीनं लाल रेघ मारली, मग निळी रेघ मारली, मग चारी बाजूंनी समास आखला. अर्धा तास गेला. एकानं हळूच विचारलं, "बाई, कितीक ओळी?" दुसऱ्यानं शेजाऱ्याचं बघून लिहिलं, आणि शेजाऱ्यानं काहीच लिहिलेलं नव्हतं!

'कशावरही लिहा' हे जगातलं सर्वांत अवघड काम आहे हे तेव्हा कळलं. मी स्वतः या ब्लॉगवर आठ आठ दिवस 'कशावर लिहू' म्हणून बसलेली असते, आणि मुलांना सांगते कशावरही लिहा!

दुसऱ्या रविवारी वह्या काढल्याच नाहीत. म्हटलं, तुम्ही फक्त सांगा, मी लिहिते. या आठवड्यात घडलेली एक गोष्ट. जो नाडीशी खेळत होता त्याच्याकडे वळले. त्याची शाळेची वही मी पाहिली होती. त्यात 'वाघ' या विषयावर निबंध होता: वाघ हा मांसाहारी प्राणी आहे, तो रुबाबदार दिसतो, आपण त्याचे रक्षण केले पाहिजे. दहापैकी सात. आणि याचं गाव कोलाऱ्याच्या वाटेवर! कोलारा म्हणजे ताडोब्याच्या जंगलात शिरायचं एक फाटक. तिथे लोक दुरून दुरून, पैसे मोजून वाघ बघायला येतात. आणि वाघाच्या शेजारी राहणारा मुलगा वाघाबद्दल गाईडातलं उतरवून काढतो.

म्हटलं, "तुझ्या घरचे मोहफुलं वेचायला जातात का रे?" मार्च महिना होता. तो बोलायला लागला आणि मी जसंच्या तसं लिहीत गेले:

"माही माय चार वाजता उठते. मले बी उठवते. रातभर फुलं पडून रायते, ऊन व्हायच्या आधी वेचा लागते. मोहाखालचा पाला पहिलेच झाडून ठेवला रायते. अंधारात वाघाचा भेव रायते म्हनून बाया मोठ्यामोठ्यानं बोलतात. माही माय घरी बोलतच नाई. मोहाखाली लय बोलते."

लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. एकही शब्द न बदलता. शेवटच्या दोन वाक्यांवर बाकीची मुलं एकदम गप्प झाली. आणि तो स्वतः? तो माझ्या हातातल्या कागदाकडे असा बघत होता, जणू त्याची हरवलेली वस्तू कोणीतरी आणून दिली आहे. "हे मी बोल्लो?" म्हणाला.

मी त्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहिला: माय मोहाखाली काय बोलते?

पुढच्या रविवारी त्यानं स्वतः लिहून आणलं. आठ ओळी. त्यात चुका मोजल्या असत्या तर सत्तावीसच्या वर गेल्या असत्या. मी नाही मोजल्या. त्याची आई माहेरच्या गोष्टी सांगते, असं त्यात होतं. आणि आता त्याला उत्तरं माहीत असलेले दहा प्रश्न माझ्याकडे होते.

हे नुसतं गोड गोड नाही, हेही सांगायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या रविवारी माझ्याकडे कोणी निबंध लिहिला नाही. त्या मुलानं मात्र एक ओळ लिहिली होती, "माय आता जात नाई मनते, पन जाईन." मी त्याच्याखाली काही लिहू शकले नाही. पण मला वाटतं, ही एक ओळ लिहिता येणं आणि ती कोणालातरी दाखवाविशी वाटणं, यासाठीच लिहिणं शिकायचं असतं.

* * *

तर माझं मत असं झालं आहे. मूल लिहीत नाही ते आळसामुळे नाही. आपलं म्हणणं कोणाला हवं आहे यावर त्याचा विश्वास नसतो. दहा वर्षांत त्याला एकच वाचक भेटलेला असतो, आणि तो वाचक लाल पेन घेऊन बसलेला असतो. घरी आलेल्या पाहुण्यानं तुमचं बोलणं ऐकण्याऐवजी तुमचे दातच मोजले, तर तुम्ही त्याच्यासमोर किती वेळ तोंड उघडाल?

म्हणून आमच्या वर्गाचे नियम अगदी साधे आहेत. खोडरबर आले की डब्यात टाकायचे, जाताना परत घ्यायचे. (खोडरबर हा मुलांच्या लिहिण्याचा मोठा शत्रू आहे. एक शब्द लिहायचा, तीनदा खोडायचा, कागद फाटायचा, संपलं.) पहिली दहा मिनिटं पेन्सिल थांबवायची नाही. काही सुचलं नाही तर 'सुचत नाही' असं लिहायचं. मग ज्याला वाचायचं तो वाचतो. ऐकणाऱ्यांनी चूक सांगायची नाही, फक्त विचारायचं. आणि विचारायचं तेच, जे आपल्याला खरोखर माहीत नाही. मीसुद्धा. शिक्षकांना ही सवय नसते, आम्ही जन्मभर उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारत आलो!

एक पद्धत मात्र मी उसनी घेतली. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वाडी आहे. तिथे लोरेंझो मिलानी नावाच्या पाद्र्यानं सरकारी शाळेत नापास झालेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. त्यातल्या आठ मुलांनी मिळून, त्यांच्यासारख्यांना नापास करणाऱ्या बाईंना एक लांबलचक पत्र लिहिलं. १९६७ साली ते पुस्तक म्हणून निघालं, जगभर गाजलं. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावानं आलं आहे. नोकरीत असताना मी ते वाचलं होतं आणि कपाटात ठेवून दिलं होतं. बाजारातल्या भेटीनंतर परत काढलं. नाव वाचूनच कसंसं झालं. ते पत्र माझ्याच नावानं आलंय असं वाटलं.

ती मुलं कशी लिहीत? जो मुद्दा सुचेल तो वेगळ्या चिठ्ठीवर. मग सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. दोनदा आलेल्या बाजूला काढायच्या, एकमेकींशी नातं असलेल्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांचा क्रम लावायचा. मग एकत्र बसून वाक्यं जुळवायची आणि नको असलेले शब्द शोधून शोधून काढायचे. शेवटी बाहेरच्या माणसांना वाचून दाखवायचं. शक्यतो फार न शिकलेल्यांना. त्यांना कळलं तर बरोबर.

आम्ही हे चिमूरच्या क्रांतीवर करून पाहिलं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मिरवणूक, गोळीबार, बालाजी रायपूरकर या कोवळ्या मुलाचं बलिदान, त्याआधी इथे झालेली तुकडोजी महाराजांची भजनं, मग गोऱ्या शिपायांनी गावात घातलेला धुमाकूळ, बायांवरचे अत्याचार, प्रा. भन्साळींचं प्रदीर्घ उपोषण. हे सगळं आमच्या मुलांना पाठ असतं. दरवर्षी ऑगस्टात त्यावर निबंध आणि भाषणं होतात, आणि सगळी एकाच साच्यातली! मी म्हटलं, पुस्तकातलं नको. घरी विचारा. पंधरा दिवसांत जे कळेल त्याच्या चिठ्ठ्या आणा.

चौसष्ट चिठ्ठ्या जमल्या. चटईवर पसरल्या. त्यातल्या एकोणीस चिठ्ठ्यांवर 'इंग्रजांनी अन्याय केला' हे किंवा असंच काही होतं. मुलांनीच त्या एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, ह्याची एकच ठेवू. मग एका मुलीची चिठ्ठी सापडली. तिच्या आजीच्या आईबद्दल. 'ती त्या दिवसाचं कोनालेच सांगत नव्हती. एवढंच मने का नागपंचमीचा सैपाक चुलीवरच रायला.'

सगळ्यांना कळलं, सुरुवात हीच. कोणी सांगावं लागलं नाही. आणि ती पणजी का बोलत नसे हा प्रश्नही कोणी मोठ्यानं विचारला नाही. मोठ्या मुलींना तो कळला होता.

लिहून झाल्यावर शेजारच्या आबाजींना बोलावलं. वय ऐंशीच्या वर, शाळा दुसरीपर्यंत. मुलांनी वाचलं. आबाजी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच थांबवून म्हणाले, "हे रनसंग्राम म्हंजे काय व्हय?" मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. खरं तर कोणालाच नीट सांगता येईना. शब्द खोडला गेला. २६ वर्षांत माझ्या लाल पेनानं एवढी चांगली दुरुस्ती कधी केली नव्हती.

* * *

आता तुम्ही विचारालच, आणि माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणी तर विचारतातच, "शुद्धलेखनाचं काय? उद्या ही मुलं पोलीस भरतीला, तलाठ्याच्या परीक्षेला बसणार. तिथे 'पानी' चालेल का?"

नाही चालणार. हे मला पूर्ण मान्य आहे. इथली निम्मी पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात ती भरतीसाठीच. त्यांना प्रमाण भाषा आलीच पाहिजे. ती येऊ न देणं म्हणजे त्यांना दारातच अडवणं. बोली थोर आहे असं म्हणून मुलांना बोलीतच ठेवायचं आणि आपल्या मुलांना मात्र इंग्रजी शाळेत घालायचं, हा दुटप्पीपणा मी करणार नाही.

माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. आधी लिहू द्या, मग वाचा, मग विचारा, आणि सगळ्यात शेवटी दुरुस्त करा. आमच्याकडे महिन्यातून एकदा 'इस्त्री' असते. मुलं आपल्या लिहिण्यातला स्वतःला सर्वांत आवडलेला एक मजकूर निवडतात आणि तेवढाच शुद्ध करतात, भिंतीवर लावण्यासाठी. सगळे कपडे आपण रोज इस्त्री करतो का? बाहेर जायचे तेवढेच करतो. त्यातही एका वेळी एकच प्रकारची चूक बघायची. या महिन्यात न आणि ण, पुढच्या महिन्यात र आणि ळ. पात्राच्या तोंडचं वाक्य असेल तर 'पानी' तसंच ठेवायचं, ते बरोबरच आहे. निवेदन असेल तर 'पाणी'. दोन्ही केव्हा वापरायचं हे ज्याला कळलं तो 'पाणी' एवढंच येणाऱ्यापेक्षा एक पाऊल पुढेच गेला. आणि गंमत म्हणजे, जो मजकूर आपला आहे तो शुद्ध करायला मुलं कंटाळत नाहीत. माझ्याकडून शब्दकोश मागून घेतात. गाईडातला पावसाळा शुद्ध लिहिण्यासाठी कोणी शब्दकोश उघडलेला मी पाहिला नाही.

सगळं छान झालं असंही नाही. एक मुलगा सहा महिने आला, एक ओळ लिहिली नाही, आणि यायचा बंद झाला. त्याला काय हवं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका मुलीच्या वडिलांनी तिला काढून घेतलं, "गुण तं वाढले नाई" म्हणून. त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. कृतिपत्रिकेत ठरलेल्या साच्यात बातमी, जाहिरात, पत्र लिहायचं असतं, आणि त्या साच्यात मोहाखाली बोलणाऱ्या आईला जागा नसते. आणि माझ्याकडे अकरा मुलं आहेत. पन्नास मुलांच्या वर्गात, वरून दहा माहित्या भरून देणाऱ्या शिक्षकानं हे कसं करावं? मी नोकरीत असताना केलं नाही, मग त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? एवढंच सांगीन, पन्नासपैकी रोज दोन वह्यांत एक खरा प्रश्न लिहा. महिन्याभरात सगळा वर्ग होतो. गोळे करायला याहून जास्त वेळ लागतो, हे मी अनुभवानं सांगते.

* * *

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. मोबाईल निबंध लिहून देतो. देऊ दे की! भाचेराव, आमच्या वेळी गाईड हेच यंत्र होतं. त्यातही चुका नसत. चूक नसलेला पावसाळा चाळीस वह्यांत उतरत असे, आणि तो वाचून कोणाला कधी ओलं झाल्यासारखं वाटलं नाही. मोबाईलला जगातले सगळे वाघ माहीत असतील. माय घरी बोलत नाही आणि मोहाखाली बोलते, हे त्याला त्या मुलानं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि सांगायचं म्हणजे आधी ते सांगण्यासारखं आहे असं वाटायला हवं ना?

जाता जाता एक. गेल्या हिवाळ्यात बाजारातल्या त्या माझ्या विद्यार्थ्याच्या शेतात रानडुकरं शिरली आणि उभं पीक लोळवून गेली. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा होता. नेहमी अर्ज लिहून देणारा माणूस गावाला गेलेला. तेव्हा त्याच्या मुलीनं, त्या दोन रंगांच्या रेघा मारणारीनं, अर्ज लिहिला. मला दाखवायला आणला नाही. मला आठ दिवसांनी कळलं.

तो सांगायला आला होता. ओसरीच्या पायरीवर बसला. अर्जाची एक प्रत त्याच्या खिशात होती, चार घड्या घातलेली. मी वाचली. किती बांध्या, किती वाजता, कोणत्या बाजूनं आली, किती होती, धुऱ्यावर पावलं कुठे दिसतात, सगळं ओळीनं. कुठेही 'आपला कृपाभिलाषी' नाही, कुठेही रडगाणं नाही. दोन ठिकाणी ळ चुकला होता.

पैसे यायचे तेव्हा येतील. त्याबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, "साहेबानं वाचून इचारलं, कोनं लिवला? म्या मनलं, माह्या पोरीनं."

मग थोडं थांबून, जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, रविवारी मोठे मानसं आले तं चालते का?"

म्हटलं, ये. खोडरबर आणू नको.

असो. फारच लांबलं. तुमच्याही वहीत कोणी गोळे केले असतील, किंवा माझ्यासारखे तुम्ही कोणाच्या वहीत केले असतील, तर जरूर कळवा. शुद्धलेखन तपासणार नाही, वचन देते.